भुताच्या दिव्यांचं पंचांग

मुळशी खोऱ्यात भुताच्या दिव्याची गोष्ट सांगणारा माणूस जागा अगदी अचूक सांगतो. ओढ्याच्या पल्याड, देवराईच्या कडेला, नाहीतर धरणाच्या पाण्यापलीकडच्या उतारावर. पाहणारा कोण होता तेही त्याला पाठ असतं: चुलता, आज्याचा भाऊ, सुटलेली म्हैस शोधायला गेलेला शेजारी. दिवा एक होता की सात, ते चालत होते की नाचत होते, याबद्दलही त्याला शंका नसते. एक तपशील मात्र हमखास गळालेला असतो. महिना कोणता होता?

हा प्रश्न विचारला की ऐकणाऱ्यांपैकी एखादा हसतो, कारण भुताला महिन्याचं काय? पण सह्याद्रीत अंधारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक उजेड हंगामी आहे. वैशाखातला दिवा वेगळा, ज्येष्ठातला वेगळा, श्रावणातला वेगळा आणि पौषातला आणखी निराळा. महिना, जागा आणि हवा या तीन गोष्टी कळल्या तर बहुतेक दिव्यांची ओळख पटते. या लेखात तेच पंचांग मांडायचं आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. दिवे पाहिल्याचं सांगणारी बहुतेक माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना उजेड खरोखर दिसला होता.

लोकांनी केलेली वर्गवारी

आपल्याकडची लोकसमजूत या दिव्यांच्या बाबतीत ढोबळ नाही. एकटा दिवा दिसला, त्याच्या मागे गेलं आणि वाट चुकली, तर तो चकवा. दिव्यांची रांग डोंगराच्या सोंडेवरून सरकताना दिसली तर ती वेताळाची पालखी, पुढे मशाली आणि मागे भुतांचा लवाजमा. एकदम भडका उडून विझला तर आग्या वेताळ. पाण्याच्या काठी कुणी भुलवत असेल तर गिऱ्हा. ही नावं फक्त मुळशीची नाहीत. मावळात, भोर-वेल्ह्यात आणि घाट उतरून कोकणात गेलात तरी हीच मंडळी भेटतात.

इंग्रज अधिकाऱ्यांनी ही माहिती गंभीरपणे टिपून ठेवली. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पिकं, बाजार आणि रस्त्यांच्या जोडीला भुताखेतांवरही मजकूर आहे. त्यात ‘घरचे भूत’ आणि ‘बाहेरचे भूत’ असे दोन वर्ग पाडून हडळ, जखीण, झोटिंग, खवीस, मुंजा, गिऱ्हा, वेताळ यांची नोंद केली आहे. पुढे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गोळा केलेली लोकसमजुतींची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी संपादून प्रसिद्ध केली. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्यांचा वध केला, तेच हे जॅक्सन.

वेताळ हा या सगळ्यांचा राजा, पण तो नुसता भीतीचा विषय नाही. गावाबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात तो राखणदार म्हणून बसतो. पुणे शहरातल्या सर्वांत उंच टेकडीला त्याचंच नाव आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला तो गस्त घालतो, अशी समजूत. अमावास्येचा हा उल्लेख लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचं आहे.

अंधार किती होता

आज पौडच्या पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिसॉर्ट, फार्महाउस आणि त्यांचे पांढरे एलईडी दिवे लागतात. त्यावरून शंभर वर्षांपूर्वीच्या मुळशीची कल्पना येणार नाही. तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीची धार. ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पिंपरीहून भिऱ्याकडे उतरणाऱ्या जंगलवाटेचं नावच अंधारबन आहे.

मुळा नदीवरचं धरण टाटांनी बांधायला घेतलं, तेव्हा जमिनी वाचवण्यासाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं. पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याला सोडण्यात आलं आणि तिथली वीज १९२७ पासून मुंबईकडे जाऊ लागली. ज्यांच्या शिवारावर ते पाणी उभं राहिलं त्या खोऱ्यातल्या गावांना घरात दिवा लागण्यासाठी पुढे कितीतरी वर्षं थांबावं लागलं. रॉकेलची चिमणी आणि हातातला टेंभा एवढ्याच उजेडावर रात्र काढणाऱ्या गावात समोरच्या डोंगरावर एक ठिपका दिसणं, ही घटना होती. तिची चर्चा होणारच.

चैत्र-वैशाख: राब, वणवा आणि भट्टी

उन्हाळ्याच्या शेवटी दिसणारे दिवे बहुधा माणसाने लावलेल्या आगीचे असतात. मुळशी-मावळात भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची रीत आहे. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांची तोडलेली कवळं, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देतात, वरून बारीक माती पसरतात आणि पेटवतात. हा राब. मातीच्या थरामुळे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. दिवसा नुसता धूर दिसतो. रात्री वाऱ्याची झुळूक आली की निखारा फुलतो, वारा पडला की पुन्हा राखेआड जातो.

लांबून पाहणाऱ्याला काय दिसेल? काळ्या उतारावर पाच-सात तांबडे ठिपके. एक उजळतो, मावळतो, मग शेजारचा उजळतो. वाऱ्याची झुळूक उतारावरून सरकत गेली तर ठिपकेही ओळीने उजळत जातात आणि काहीतरी चालतंय असं वाटतं. वणव्यानंतर जळालेले बुंधे असेच दिवसेंदिवस आतून धुमसतात आणि मध्येच ठिणग्या उडवतात. त्यात कातकरी कुटुंबं रानात लावत असलेल्या कोळशाच्या भट्ट्यांची भर होती. मातीने लिंपलेली भट्टी कित्येक दिवस जळत राहते, राखणीला एखादाच माणूस असतो आणि ती गावापासून लांब असते. आग्या वेताळाला लागणारं सगळं सामान इथे हजर आहे.

ज्येष्ठ: काजवे

वळवाचे एक-दोन सडाके झाले की मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथले काजवे आता शहरातल्या लोकांना माहीत झालेत, पण ताम्हिणीच्या रानातही ते आहेतच. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो नर बसतात आणि लुकलुकतात. काही जातींत ही लुकलुक एका तालात होते. सबंध झाड एकदम उजळतं आणि एकदम विझतं.

काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या खंडांत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज हे विकर, पेशींचं इंधन असलेलं एटीपी आणि ऑक्सिजन यांच्या मदतीने त्याची अभिक्रिया होते आणि हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर पडतो. उष्णता जवळजवळ निघतच नाही. नराची लुकलुक ही मादीला घातलेली साद असते आणि प्रत्येक जातीचा ठेका निराळा असतो.

झाडभर काजवे पाहून कुणी घाबरत नाही, कारण ते ओळखीचे असतात. फसवतात ते त्यांच्या कुटुंबातले बाकीचे सदस्य. काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात. त्या गवतात बसून लुकलुक न करता सलग उजळत राहतात. काजव्यांच्या अळ्याही उजळतात. गोगलगाई खात त्या पावसाळाभर ओल्या पाचोळ्यात हिंडतात. जमिनीलगत एकच हिरवट ठिपका, हळूहळू सरकणारा आणि पावलांची चाहूल लागताच विझणारा, असं दृश्य दिसलं तर झाडावरच्या काजव्याशी त्याचा संबंध जोडणं सोपं नाही.

मृगाचा पाऊस: ओढ्यातली पालखी

पहिल्या मोठ्या पावसात ओढे वाहू लागले की अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. हे चढणीचे मासे. त्याच सुमारास खेकडेही बिळातून बाहेर पडतात. दोन्ही रात्री मिळतात, म्हणून माणसंही रात्रीच निघतात. पूर्वी टेंभे आणि चुडी घेऊन, मग गॅसबत्ती घेऊन, आता डोक्याला बॅटरी बांधून.

हे दृश्य समोरच्या डोंगरावरून पाहिलं तर कसं दिसेल? पावसाची झिमझिम, मधूनच धुक्याचा पडदा. खाली ओढ्याच्या वळणाने पाच-सहा दिवे एकामागोमाग सरकतायत. मध्येच सगळे थांबतात, कारण कुणाला खेकडा दिसलेला असतो. एखादा दिवा खाली जातो आणि दिसेनासा होतो, कारण माणूस वाकलेला असतो आणि दिवा दगडाआड गेलेला असतो. थोड्या वेळाने तो दुसरीकडेच उगवतो. आवाज ऐकू येत नाही, कारण पाण्याचा खळाळ मोठा असतो आणि शिकार करणारे गप्पच असतात. माणसं दिसत नाहीत, दिवेच दिसतात. वेताळाच्या पालखीचं यापेक्षा चोख वर्णन गोष्टी सांगणाऱ्यांनीही केलेलं नाही.

आता अमावास्येकडे येऊ. खेकडे पकडायला काळोखी रात्र चांगली, हे पकडणाऱ्याला ठाऊक असतं. काजवे पाहायलाही चंद्र नसलेली रात्रच निवडतात. मंद उजेड चंद्रप्रकाशात बुडून जातो आणि अमावास्येला उठून दिसतो. भुतं अमावास्येला बाहेर पडतात, या समजुतीत निरीक्षणाचा भाग खरा आहे. त्या रात्री दिवे जास्त दिसतात.

श्रावण-भाद्रपद: उजळणारं लाकूड

पावसाने जोर धरला की सह्याद्रीच्या दाट रानात कुजलेल्या फांद्या रात्री हिरवट उजळतात. भीमाशंकरच्या जंगलातली या प्रकाशाची छायाचित्रं गेल्या काही वर्षांत खूप गाजली. हा उजेड मायसिना गटातल्या बुरशीचा. जगात प्रकाश देणाऱ्या बुरशीच्या शंभराहून अधिक जाती माहीत आहेत. त्यांचं ल्युसिफेरिन काजव्यापेक्षा वेगळं आहे आणि त्याची नेमकी ओळख २०१५ मध्ये पटली. काही जातींत या उजेडाकडे रात्रीचे किडे खेचले जातात आणि बुरशीचे बीजाणू पसरवतात, असं ब्राझीलमधल्या एका अभ्यासात दिसलं. रात्री उजळणाऱ्या वनस्पतींचा उल्लेख कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तही आहे, तेव्हा हे आकर्षण जुनंच.

मुळशीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची जागा म्हणजे देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की अनेक ठिकाणी देवाच्या रानातलं वाळलेलं लाकूडही कुणी उचलत नाही. बाकीच्या रानातून मोळ्या बाहेर पडतात, इथे मात्र उन्मळून पडलेलं झाड जागच्या जागी वर्षानुवर्षं कुजतं. बुरशीला आणि काजव्यांच्या अळ्यांना हेच हवं असतं. देवराईत रात्री उजेड दिसतो, म्हणून लोक तिथे जात नाहीत. लोक जात नाहीत, म्हणून लाकूड कुजतं. आणि लाकूड कुजतं, म्हणून उजेड दिसतो. भीतीने रान राखलं आणि रानाने भीती राखली, असा हा मामला आहे.

खाचरातला वायू: सर्वांत आवडतं, सर्वांत कच्चं स्पष्टीकरण

शाळेत शिकलेला माणूस भुताच्या दिव्याचं नाव निघताच लगेच सांगतो: दलदलीतला वायू पेटतो. बंगालमधल्या पाणथळ भागात अशा दिव्यांना ‘आलेया’ म्हणतात, कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात ‘चिर बत्ती’ म्हणतात आणि तिथेही हेच स्पष्टीकरण दिलं जातं. पाण्याखाली सेंद्रिय पदार्थ ऑक्सिजनशिवाय कुजले की मिथेन तयार होतो. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये मॅजोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून हा ज्वलनशील वायू गोळा केला होता. पाणी साचलेल्या भातखाचरांतूनही तो निघतो.

अडचण अशी की मिथेन आपोआप पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. ती येते कुठून? जुनं उत्तर फॉस्फिन. पण शुद्ध फॉस्फिन थंड हवेत आपोआप पेटत नाही. त्यासाठी डायफॉस्फेनचा अंश लागतो आणि मग पांढरा धूर व उग्र वास येतो. भुताचा दिवा पाहणारे लोक मात्र थंड, धूर नसलेल्या उजेडाचं वर्णन करतात. ब्रिटिश भूवैज्ञानिक ॲलन मिल्स यांनी १९८० मध्ये प्रयोगशाळेत असा थंड उजेड तयार करून पाहायचा प्रयत्न केला, तो फसला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड झेअर यांच्या गटाने नवं उत्तर सुचवलं. पाण्यातून वर येणाऱ्या मिथेन आणि हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांवर विद्युतभार जमतो आणि दोन बुडबुड्यांमध्ये अतिसूक्ष्म ठिणग्या पडतात, हे त्यांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. प्रयोग सुरेख आहे, मात्र तो प्रयोगशाळेतला आहे.

शिवाय मुळशीचा डोंगराळ भाग म्हणजे बंगालची दलदल नव्हे. इथली जमीन उताराची, खाली काळा कातळ आणि खाचरांतलं पाणी वाहतं. सोंडेवर किंवा कड्यावर दिसलेल्या दिव्याला वायूचं कारण चिकटवणं म्हणजे एक न कळलेली गोष्ट दुसऱ्या न तपासलेल्या गोष्टीने झाकणं. शास्त्रीय नाव दिलं म्हणून उत्तर शास्त्रीय होत नाही.

कार्तिक ते पौष: वाकलेला प्रकाश

हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते. डोंगरावरची थंड, जड हवा खोऱ्यात उतरून साचते आणि तिच्यावर तुलनेने ऊबदार हवेचा थर बसतो. अशा थरांतून जाणारा प्रकाश सरळ न जाता खाली वाकतो. एरवी टेकडीआड लपलेला दिवा मग वर उचलल्यासारखा दिसतो, लांबतो, थरथरतो, कधी दुभंगतो.

ऑस्ट्रेलियात ‘मिन मिन’ नावाचे भुताचे दिवे प्रसिद्ध आहेत. क्वीन्सलंड विद्यापीठाचे जॅक पेटिग्रू यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा दिवा चक्क तयार करून दाखवला. हवा योग्य असताना मोटार सुमारे दहा किलोमीटर दूर, जमिनीच्या चढाआड नेऊन तिचे दिवे लावले आणि लोकांना हवेत तरंगणारा मिन मिन दिसला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्राउन माउंटनवरच्या दिव्यांची १९२२ मध्ये सरकारी भूवैज्ञानिक मॅन्सफील्ड यांनी रात्री-रात्री बसून मोजदाद केली. त्यांच्या हिशेबात ४७ टक्के उजेड मोटारींचे, ३३ टक्के रेल्वे इंजिनांचे, १० टक्के वस्तीतल्या स्थिर दिव्यांचे आणि १० टक्के रानातल्या आगीचे निघाले.

हे चित्र मुळशीच्या पश्चिम कडेला लावून पाहा. घाटमाथ्यावरून कोकण खाली पसरलेलं दिसतं. भिऱ्याची वस्ती, माणगाव-कोलाडकडचे रस्ते, मुंबई-गोवा महामार्ग आणि गेली काही दशकं कोकण रेल्वे. ताम्हिणी घाटातल्या वळणावर मोटार आली की तिचा झोत क्षणभर समोरच्या कड्यावर किंवा धुक्यावर पडतो आणि नाहीसा होतो. मोटार मात्र डोंगराआड असल्याने दिसत नाही. धरणाच्या पाण्यावर धुकं असेल तर पलीकडच्या काठावरचा एक बल्ब मोठा, मऊ कडांचा गोळा होऊन दिसतो. वेताळाच्या जुन्या गोष्टींना मोटारीचं कारण देता येणार नाही, पण गेल्या पन्नास वर्षांतल्या गोष्टी ऐकताना रस्ता कुठल्या दिशेला आहे, हे आधी विचारावं.

डोळा स्वतःच चकवा लावतो

दिवा कसलाही असो, गोष्टींत दोन गोष्टी हटकून येतात. एक, टक लावून पाहिलं की दिवा विझतो आणि नजर वळवली की पुन्हा पेटतो. दोन, दिवा एका जागी राहत नाही, तो डुलतो, सरकतो, पाठलाग करतो. या दोन्हींचं कारण बाहेर शोधायची गरज नाही, ते आपल्या डोळ्यात आहे.

आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे दाखवतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अंधारात काम करतात आणि पूर्ण तयारीला त्यांना अर्धा तास लागतो. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे आपण रोखून पाहिलेल्या वस्तूची प्रतिमा पडते, तिथे दंडपेशी नसतातच. म्हणून फार मंद उजेडाकडे थेट पाहिलं की तो नाहीसा होतो आणि किंचित बाजूला पाहिलं की दिसू लागतो. आकाश पाहणारे लोक अंधूक तारे याच युक्तीने पाहतात. ही परीक्षा कुणालाही करता येईल. चंद्र नसलेल्या रात्री अर्धा तास मोबाइल न बघता अंधारात बसा, जेमतेम दिसणारा एखादा तारा निवडा आणि त्याच्याकडे रोखून पाहा. तारा विझेल. नजर बोटभर बाजूला न्या, तो परत येईल.

दुसरी गोष्ट हालचालीची. पूर्ण अंधारात, आजूबाजूला कुठलीही खूण नसताना स्थिर ठिपका काही वेळाने हलू लागल्यासारखा दिसतो, कारण त्याची जागा ताडून पाहायला मेंदूला संदर्भच उरत नाही. १७९९ मध्ये टेनेरिफ बेटावर तारे असे डुलताना पाहून हुम्बोल्टसारखा निरीक्षकही चकला होता. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी यावरच प्रयोग रचला. अंधाऱ्या खोलीतला स्थिर ठिपका किती हलला, हे त्यांनी लोकांना विचारलं. एकेकटे असताना उत्तरं वेगवेगळी आली. गटात बसवल्यावर ती एकमेकांजवळ सरकली आणि नंतर एकटं विचारलं तेव्हाही लोक गटाच्याच उत्तराला धरून राहिले. ‘आम्ही चौघांनी पाहिलं, चौघांनाही तसंच दिसलं’, ही साक्ष त्यामुळे वाटते तितकी भक्कम नसते.

चकवा मात्र खरा आहे

आता वाट चुकण्याबद्दल. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच झाडाखाली येतो, हे वर्णन ऐकून आपण हसतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत काम करणाऱ्या यान सौमान यांनी याचीच चाचणी घेतली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांना सपाट, दाट जंगलात सोडून सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांच्या वाटा नोंदल्या. आभाळ भरलेलं होतं तेव्हा चाललेले सगळे गोल-गोल फिरले आणि स्वतःचीच वाट ओलांडून गेल्याचं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ध्यानातही आलं नाही. सूर्य दिसत होता तेव्हा लोक जवळपास सरळ चालले. सहारा वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र दिसेपर्यंत सरळ होता, चंद्र गेल्यावर वळत वळत आला त्याच दिशेला परतू लागला. डोळे बांधलेल्या माणसांनी काही वेळा वीसेक मीटर व्यासाची वर्तुळं काढली.

ढगाळ रात्र, दाट रान, धुकं आणि दूरची खूण दिसत नाही, ही अवस्था ताम्हिणीत वर्षातले चार महिने असते. तिथे माणूस गोल फिरला तर नवल नाही, फिरला नसता तर नवल. जुन्या लोकांनी यावर सांगितलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. दिव्याच्या मागे जाऊ नये. चकवा लागला असं वाटलं की जागच्या जागी बसावं आणि उजाडेपर्यंत हलू नये. कपडे उलटे करून घालावेत. यातला शेवटचा उपाय सोडला तर बाकीचे आजचे गिर्यारोहकही सांगतील. आणि शेवटचाही अगदीच वाया जात नाही, कारण कपडे काढून उलटे घालायला माणसाला थांबावं लागतं आणि घाबरलेल्याने थांबणं हाच अर्धा उपाय असतो.

दिवा आणि दुकान

या सगळ्यात भूत कुणाला भारी पडलं? दिवा पाहून घाबरलेला माणूस दोन दिवसांनी सावरतो. पण ताप आला, म्हैस आटली, पोर दगावलं आणि त्याचा संबंध त्या दिव्याशी जोडला गेला, की देवऋषी येतो. तोही उजेड दाखवतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतलं की काही क्षणांत आपोआप आग लागते. पाहणाऱ्याला वाटतं, तूप ओतलं आणि मंत्राने अग्नी पेटला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हे प्रयोग करून दाखवत आलेत. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आता गुन्हा आहे. गोष्ट सांगणं गुन्हा नाही आणि तसा तो कधी होऊही नये.

खरं तर धोक्यात आहेत ते दिवेच. काजव्यांची साद प्रखर उजेडात बुडते आणि नर-मादीची भेटच होत नाही. देवराई तोडून देवळाला सिमेंटचा सभामंडप आला की कुजणारं लाकूड जातं, त्याबरोबर बुरशी जाते आणि अळ्याही. मुळशीचं पश्चिम टोक अजून काळोखं आहे, पण ते तसंच राहील याची हमी कुणी दिलेली नाही.

तेव्हा मुळशीत रात्री एखादा अनोळखी दिवा दिसला तर मागे जाऊ नका, इथले कडे आणि धरणाचे काठ दिवसाही दगा देतात. जागेवर थांबून महिना, तिथी, वेळ, दिशा आणि हवा लिहून ठेवा. उजेडाचा रंग पाहा. रोखून पाहिल्यावर तो विझतो का, तपासा. झाडाच्या फांदीची कड धरून तो खरंच हलतोय का, हेही बघा. टॉर्च बंद ठेवा, काजवे पकडू नका, कुजलेलं लाकूड उचलून आणू नका. आणि घरी आल्यावर गोष्ट जरूर सांगा. फक्त या वेळी महिना सांगायला विसरू नका.